वेष्टन परत करावे

पृथ्वी वाचवावी असं ताईच्या मनात कधीच नव्हतं. तिला फक्त तेवीस फुटकी भांडी ज्याची त्याला पोचवायची होती. पृथ्वी मध्ये आली ती बाबांमुळे.

बाबा जोडकाम करायचे. लोकांच्या किटल्या, कपबशा, फुलदाण्या, चिनी मातीचे कुत्रे आणि काचेच्या पऱ्या फुटल्या, की लोक ते तुकडे डब्यात भरून बाबांकडे पाठवायचे. बाबा ते महिना-दोन महिने टेबलावर मांडून बसायचे आणि अखंड वस्तू परत पाठवायचे. नोकरी संपल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर शेजाऱ्यांची चौकशी करतात. बाबांनी हे धरलं आणि अठरा वर्षं सोडलं नाही. त्यांचे नियम दोनच. पहिला, सांधा लपवायचा नाही. "तुटलं होतं हे दिसू दे की. त्यात लाजायचं काय?" दुसरा, वस्तू पाठवताना तिच्याभोवती प्लास्टिक गुंडाळायचं नाही. "चार दिवसांच्या प्रवासासाठी असली वस्तू वापरायची, की जी आपल्या पणतूलाही पुरून उरेल! असला पाहुणा मी घरात घेणार नाही." ते खोक्यात तळमजल्यावरच्या सुताराकडचे लाकडाचे छिलके भरायचे, वर कागदी पट्टी, त्यावर सुतळी. अठरा वर्षांत त्यांचं एकही भांडं वाटेत फुटलं नव्हतं. हे ते दिवसातून एकदा तरी सांगत, त्यामुळे ते खरं असावं.

सात महिन्यांपूर्वी बाबा गेले. सकाळचा चहा घेतला, कप विसळून उपडा ठेवला, आणि मग दुपारपर्यंत काही उरलं नाही. त्याविषयी एवढंच.

मागे फळीवर तेवीस भांडी राहिली. सगळी जोडून झालेली, प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली नावपत्त्याची चिठ्ठी. वहीत शेवटची ओळ होती, 'सगळी वाळली. पाठवायची.' सात महिने ताई त्या फळीवरची धूळ पुसत होती आणि आज नको, उद्या म्हणत होती. अडचण सरळ होती. एकदा फुटलेली वस्तू दुसऱ्यांदा फुटली, तर ती जोडणारा माणूस आता घरात नव्हता. यातलं एक जरी वाटेत गेलं, तर बाबांचं शेवटचं काम ताईच्या हातून मोडलं असा त्याचा अर्थ होणार होता. ताई ग्रंथालयात नोकरीला होती. वेळेवर परत न केलेल्या वस्तूंकडे ती कोणत्या नजरेने बघते, हे साऱ्या वाचकांना ठाऊक होतं. आता तीच नजर रोज सकाळी आरशातून तिच्याकडे बघू लागली होती.

एका रविवारी तिने कंबर कसली आणि सुताराकडे खाली गेली.

"छिलके?" सुतार हसला. "ताई, रंधा मारला तर छिलके पडणार ना! आता सगळं मशीनवर. हा भुसा आहे, हवा तेवढा न्या."

तिने पोतंभर नेला. भुसा बारीक होता, पिठासारखा. पहिल्याच किटलीच्या तोंडातून तो आत गेला आणि चोचीतून बाहेर आला. आईने शिंकत शिंकत खिडक्या उघडल्या, वाऱ्याने उरलेला भुसा घरभर नेला, आणि पुढचे तीन दिवस दोघी लाकडाच्या चवीचा चहा पीत राहिल्या.

बातमी जिन्यातून वर गेली. वरच्या मावशी लगेच खाली आल्या. मावशींच्या घरी बबल रॅपचा एवढा साठा होता, की घर पडलं असतं तरी मावशींना खरचटलं नसतं. रोज दुपारी त्या पलंगावर बसून ते फुगे एकेक करून फोडत. रक्तदाबाला बरं असतं म्हणे. छतातून येणारा तो टप-टप आवाज बाबांनी अठरा वर्षं दात-ओठ खात ऐकला होता.

"अगं, दोन गुंडाळ्या देते, घे की! बाबा काय बघायला येणार आहेत?" मावशी म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी स्वतःच जीभ चावली.

"येणार नाहीत," आई शांतपणे म्हणाली. "पण न येता बघायची सवय आहे त्यांना."

विषय तिथेच संपला. मावशी मात्र जाता जाता एक गुंडाळी दाराआड ठेवून गेल्याच. ती ताईने उचलली, चार पावलं आत नेली, आणि परत दाराबाहेर ठेवली. चोरी पकडल्यासारखे तिचे कान लाल झाले होते.

यानंतर आले शास्त्रोक्त काका. समोरच्या दारात राहणाऱ्या या गृहस्थांचं खरं नाव पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. खिळा ठोकायचा असो की सर्दी घालवायची असो, काकांना ते शास्त्रोक्तच हवं असे. गेली अठरा वर्षं ते रोज संध्याकाळी बाबांसमोर बसून, बाबांच्याच घरच्या हिरव्या कपातून चहा पीत आणि जोडकाम कसं चुकतंय ते सांगत. बाबा गेल्यावरही ते येत राहिले. आईने कप बदलला नाही.

"पोरी, उत्तर तुझ्या स्वयंपाकघरात आहे," काका म्हणाले. "मक्याच्या लाह्या. हलक्या, लवचिक, नैसर्गिक. काम झालं की पाखरांना घाला. शास्त्रोक्त आहे."

ताईला हे पटलं. दुःखात माणसाला काहीही पटतं, असं तिने पुढे मान्य केलं. दोन संध्याकाळी घरात लाह्या फुटत होत्या. बाबांच्या टेबलावर लाह्यांचा डोंगर झाला. आईने सवयीने त्यांत मीठ घातलं, कारण बिनमिठाच्या लाह्या हातून करणं तिला जमेना.

"आता चाचणी," काका म्हणाले. "खोकं छातीच्या उंचीवरून टाकायचं. आतली वस्तू वाचली तर पद्धत सिद्ध."

"कोणाच्या छातीच्या?" मावशींनी विचारलं. त्यांची छाती काकांच्या पोटाशी येत होती.

यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी काकांची छाती ग्राह्य धरण्यात आली. फेकायला बाबांचं भांडं द्यायला ताई तयार नव्हती. "श्रद्धा नाही तुमची," म्हणत काकांनी हातातल्या कपातला शेवटचा घोट घेतला, हिरवा कप खोक्यात लाह्यांत पुरला, खोकं छातीशी धरलं, डोळे मिटले आणि सोडलं.

आवाज लहानसाच आला. कपाचा कान तुटला होता.

त्याबरोबर काका, मावशी आणि आई, तिघांनी एकाच वेळी मान वळवून आतल्या खोलीतल्या खुर्चीकडे पाहिलं. अठरा वर्षांची सवय. काही फुटलं की तिकडे बघायचं. खुर्ची रिकामी होती. काका खाली बसले, लाह्यांतून कान शोधून काढला आणि खिशात ठेवला. "लाह्या कमी पडल्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र लाह्यांबद्दल बोलणाऱ्या माणसाचा नव्हता.

तेव्हा लाह्या दुप्पट, असं ठरलं. एका जाड बुडाच्या, सहसा न फुटणाऱ्या किटलीवर ताईने पहिला प्रयोग करायचं ठरवलं आणि खोकं घेऊन ती पोस्टात गेली.

"आत काय आहे?" खिडकीतल्या कारकुनाने चष्म्यावरून विचारलं.

"किटली."

"आणि?"

ताईला खोटं बोलता येत नसे. वाचनाचा हाही एक दुष्परिणाम. "मक्याच्या लाह्या."

"म्हणजे खाद्यपदार्थ."

"खायच्या नाहीत त्या."

"मग पाठवताय कशाला?"

"किटलीच्या भोवती आहेत."

"मॅडम, किटली कुठेही असो. खाद्यपदार्थाचा फॉर्म वेगळा. तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावे, थंड जागी ठेवावे की नाही..."

"अहो, लवकर करा की," रांगेतून कोणीतरी म्हणालं. "लाह्या मऊ पडतील." रांग हसली. ताई फॉर्म भरू लागली. 'किती दिवसांत खावे' या रकान्यापाशी ती अडली, आणि त्याच वेळी फॉर्मवर एक जांभळी मुंगी आली. मग दुसरी. खोक्याच्या कोपऱ्यातून मुंग्यांची रांग निघाली होती, शिक्क्याच्या पॅडवरून रीतसर जात होती आणि कारकुनाच्या नोंदवहीत जांभळी पावलं उमटवत होती.

कारकुनाने वही झटकली. "सजीव प्राण्यांची खिडकी वेगळी आहे," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात उद्यानाच्या माळ्याने वाळलेलं गवत दिलं. वरून ते वाळलेलं होतं, आतून त्याला अजून बागेची आठवण होती. ताईने ते गॅलरीत दोन दिवस पसरलं, उलटंपालटं केलं, बाबा पाहत असल्यासारखं तीन-तीनदा झाडलं. पोस्टाच्या रांगेत तिचा नंबर आला, कारकुनाने तिला ओळखलं, नोंदवही उचलून मांडीवर घेतली, आणि नेमक्या त्या शांततेत खोक्यातून आवाज आला. किर्रर्र.

कारकून खुर्चीसकट मागे सरकला. "मॅडम, तुमची किटली बोलतेय."

"रातकिडा असेल," ताई म्हणाली. याहून हलक्या आवाजात ती आयुष्यात बोलली नव्हती.

"मागच्या वेळी मुंग्या. आज रातकिडा. पुढच्या वेळी काय, म्हैस?"

रांगेने या विषयावर आपली मतं दिली. ताई खोकं छातीशी धरून पोस्टाच्या पायऱ्या उतरली. मागून रांगेचं हसू आणि पुढून किर्रर्र. सत्तावीस वर्षं ग्रंथालयात 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसलेल्या बाईला हे सोसणं सोपं नव्हतं.

घरी येऊन तिने खोकं आईपुढे आदळलं नाही, कारण आत किटली होती. हळूच ठेवलं आणि मग रडली. सात महिन्यांत पहिल्यांदा रडली, आणि तेही गवतावरून. "मला जमत नाही, आई. त्यांना सुतळी आणि छिलक्यांवर जमायचं. मला एक साधं खोकं भरता येत नाही."

आई उठली, आतल्या खोलीत गेली आणि बाबांचं कपाट उघडलं. ते सात महिन्यांत कोणी उघडलं नव्हतं. दोघी त्याच्यासमोरून जाताना थोड्या भिंतीकडे सरकून जात. आई हातावर शर्टांची चवड घेऊन आली.

"हे घे."

"आई!"

"अगं, चाळीस वर्षं या शर्टांना मी इस्त्री केली. यांनी एक दिवस तरी माझ्यासाठी काही केलंय का? आता करू दे काम." मग जरा थांबून म्हणाली, "मऊ आहेत. धुऊन धुऊन झालेत. किटलीला बोचणार नाहीत."

दोघी दिवसभर बसल्या. निळ्या रेघांच्या शर्टाच्या बाह्यांनी किटलीला मिठी मारली. पोकळीत मोजे. चिनी मातीच्या कुत्र्याला मफलर. काचेच्या परीला लोकरी बंडी, तिच्यात ती अगदी मावली. जुन्या विजारीच्या एका पायात दोन कप बसतात, हा शोध ताईचा. काका येऊन बघून गेले आणि काही सुचवलं नाही. हे बाबांच्या हयातीत एकदाही घडलं नव्हतं. प्रत्येक खोक्यात ताईने एक चिठ्ठी ठेवली, 'बाबा गेले. हे त्यांचं शेवटचं काम. छिलके मिळाले नाहीत म्हणून त्यांचेच कपडे भरले आहेत. क्षमस्व.' वर कागदी पट्टी, सुतळी, आणि बाबांनी छापून घेतलेली लेबलं. 'काच. सांभाळून.' ती लेबलं बाबांना डिंक लावून देणं हे तिचं अठरा वर्षांचं काम. ती डोळे मिटूनही चिकटवू शकली असती.

बावीस खोकी भरली. तेविसावी होती एक साखरदाणी. निळा काठ, दोन कान. डावा कान बाबांनी जोडलेला. आणि कपाटात उरला होता तपकिरी स्वेटर. कोपरांवर विरलेला, खिशात अजून डिंकाचा ठिपका असलेला. ताईने तो हातात घेतला, खोक्यावर धरला, आणि परत घडी करून आपल्या उशीखाली ठेवला. साखरदाणीभोवती तिने बाबांचे नऊ रुमाल गुंडाळले. रुमाल पुरेसे आहेत असं तिने स्वतःला सांगितलं. वर सांगितल्याप्रमाणे तिला खोटं बोलता येत नसे, पण स्वतःशी बोलताना तेवढी अडचण येत नाही.

"आज काय?" कारकुनाने खुर्ची आधीच थोडी मागे घेतली होती.

"कपडे."

"नवे?"

"वापरलेले. बाबांचे. ते गेले."

कारकुनाने खुर्ची पुढे ओढली. मग त्याने नियमांचं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "वापरलेले कपडे! मॅडम, याला रकाना आहे!" त्या दिवशी त्याने तेवीस खोक्यांवर शिक्का मारला, पण एकावरही आपटला नाही. ठेवला. बाबांना आवडलं असतं.

बारा दिवस ताईला झोप नव्हती. तेराव्या दिवशी पोस्टमन दारात तीन खोकी ठेवून गेला. चौदाव्या दिवशी पाच. परत आली. सगळी परत येताहेत. पत्ते चुकले असतील, नाहीतर सगळं फुटलं असेल. तिने पहिलं खोकं उघडलं.

आत निळ्या रेघांचा शर्ट होता. धुतलेला, इस्त्री केलेला. तुटलेलं बटण शिवलेलं. सोबत चिठ्ठी, 'किटली सुखरूप पोचली. तुमच्या सूचनेप्रमाणे शर्ट परत पाठवत आहे.'

"कोणती सूचना?" ताई ओरडली. "मी कुठे सूचना केली?"

आईने शांतपणे उरलेलं एक लेबल तिच्या हातात दिलं. 'काच. सांभाळून.' आणि त्याखाली, बारीक अक्षरांत, 'वेष्टन परत करावे.'

बाबा छिलके परत मागवत होते, आणि ते कोणी कधी पाठवले नव्हते. अठरा वर्षं.

"आई, तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे," आई म्हणाली. "तू औषधाच्या डबीतली पत्रकंसुद्धा वाचतेस."

पंधरा दिवसांत बाबांचं कपाट पुन्हा भरलं. आधीपेक्षा नीट भरलं. मफलरला अत्तराचा वास होता. विजारीची शिवण उसवली होती, ती कोणीतरी मशीनवर घालून दिली होती. काचेची परी पोचलेल्या घरून लोकरी बंडीसोबत परीचा फोटो आला, खिडकीत, उन्हात. एका गृहस्थांनी तीन पत्रं पाठवली. पहिलं, 'एक मोजा सापडत नाही. शोध चालू आहे.' दुसरं, 'पलंग हलवून पाहिला.' तिसरं, 'अत्यंत दिलगीर आहे. सर्व कुटुंब शोधत आहे.'

"त्यांना कळव बाई," आई म्हणाली. "तो मोजा आमच्याकडेही नव्हता. सहा वर्षांपासून एकच आहे." आणि मग आई हसली. तोंडाला हात लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ते हसू घरात किती दिवसांनी ऐकलं, याची ताईने मोजदाद केली नाही. तिने सगळ्यांना पत्रं लिहिली. आभार मानायला शब्द कमी पडतात असं पुस्तकांत असतं. तिला कागद कमी पडला. एक चिठ्ठी पोस्टातल्या कारकुनाला दिली. त्याने ती वाचून नोंदवहीत, जांभळ्या मुंग्यांच्या पानात ठेवली.

बावीस वेष्टनं परत आली. तेविसावं शेवटी आलं. खोकं उचलल्यावर आत काहीतरी खुळखुळलं, आणि ताईला न उघडताच कळलं.

साखरदाणीचा उजवा कान तुटला होता. वर नऊ रुमाल घडी करून ठेवलेले, आणि निवृत्त शिक्षिकेच्या वळणदार अक्षरातलं पत्र.

'तुमच्या वडिलांनी जोडलेला कान जागचा हललेला नाही. तुटला तो दुसरा, चांगला धड होता तो. तुम्ही जोडकाम करता की नाही, मला ठाऊक नाही. पण शिकायचं असेल तर एक भांडं पाठवत आहे. ही साखरदाणी आधीही दोनदा पडलेली आहे, तिला सवय आहे. खाली गुंडाळलंय ते माझ्या यजमानांचं जाकीट. चार वर्षं खुंटीवर होतं. तुमचे रुमाल पाहून वाटलं, यालाही जरा बाहेर फिरवून आणावं. वेष्टन परत करावे. घाई नाही.'

करड्या रंगाचं जाकीट होतं. ताई ते मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग उठून उशीखालचा स्वेटर आणून त्याच्याशेजारी ठेवला. तोच न दिल्यामुळे कान गेला होता, हे तिने आईला सांगितलं.

"मला दिसला होता तो, उशी नीट करताना," आई म्हणाली. "बस आता टेबलाशी. पण आधी काकांचा कप जोड. तो बिघडला तरी ते आपलेच आहेत. बोलतील, पण चहाला येतील."

काकांनी खिशातून कान काढून दिला. दोन महिने तो खिशात होता. ताई बाबांच्या खुर्चीत बसली. वहीत त्यांची पद्धत लिहिलेली होती. घासून कोरडं करा, थोडाच डिंक, धरून ठेवा, सोडायची घाई करू नका. तिने थोडी घाई केली. कान किंचित तिरका बसला.

काकांनी त्या कपातून चहा घेतला, कप डोळ्यांपाशी धरला, सगळीकडून पाहिला. "शास्त्रोक्त नाही," ते म्हणाले. मग दोन्ही हातांनी धरून उरलेला चहा प्याले. "पण धरता येतो."

साखरदाणीला ताईने घाई केली नाही. आठवडाभराने सांधा वाळला, दिसेल असा, लाजण्यासारखं काही नसलेला. तिने खोक्याच्या तळाशी करडं जाकीट ठेवलं, त्यात साखरदाणी, आणि वरून तपकिरी स्वेटर. बाह्या दोन्ही कानांवरून घेतल्या. छतातून टप-टप आवाज येत होता. तिने लेबल घेतलं, या वेळी पूर्ण वाचलं, आणि डिंक लावला.

"आज काय, मॅडम?" कारकुनाने विचारलं.

"वापरलेले कपडे."

त्याने रकाना शोधायला बोट फिरवलं, शिक्का हळूच ठेवला आणि लेबलाकडे पाहिलं. "हेही परत येणार?"

"येईल," ताई म्हणाली. "घाई नाही."